विजेची पाटी आणि माणसाचा चेहरा



पाटी आणि लेखणी हे दोन शब्द कानीं पडले कीं आपणांपैकीं पुष्कळांना आपली पहिली शाळा आठवत असेल. पाटीचा धर्म असा, कीं तिच्यावर लिहिणें जितकें सोपें, तितकेंच पुसणेंही सोपें. आज ह्याच दोन वस्तु निराळ्या रूपानें आपल्या घरांत आल्या आहेत. पाटी आतां कांचेची व विजेची झाली आहे, तिला टॅबलेट म्हणतात. लेखणीला स्टायलस म्हणतात. आणि ह्या पाटीवर ह्या लेखणीनें तरुण मुलें-मुली माणसांचे हुबेहूब चेहरे रंगवीत आहेत. हें कसब आकाशांतून पडलेलें नाहीं. त्याच्या मागें मोठा इतिहास आहे, व त्यांतील कांहीं पानें आपल्या मराठी मुलखांतच लिहिलीं गेलीं आहेत. तो इतिहास थोडक्यांत सांगावा व त्यांतून निघणारा एक प्रश्न आपणांपुढें ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. प्रश्न असा: माणसाचा चेहरा काढणें पिढीगणिक सोपें होत गेलें, पण तो राखणेंही तितकेंच सोपें झालें काय?

आरंभ मराठवाड्यापासूनच करूं. अजिंठ्याच्या लेण्यांतील बहुतेक प्रसिद्ध चित्रें इसवी सनाच्या पांचव्या शतकांत, वाकाटकांच्या काळीं, रंगविलीं गेलीं. राजे, राण्या, दासी, भिक्षु, परदेशी पाहुणे असे शेंकडों चेहरे त्या भिंतींवर आहेत. त्यांतील कित्येक इतके जिवंत आहेत, कीं चितार्‍यानें कोणी खरा माणूस समोर पाहूनच ते काढले असावेत असें वाटतें. तथापि तो माणूस कोण, हें आज कोणासही सांगतां येत नाहीं. चेहरा राहिला, नांव गेलें. व्यक्तिचित्राच्या दृष्टीनें ही अर्धीच प्राप्ति होय. कारण व्यक्तिचित्र म्हणजे नुसता चेहरा नव्हे, तर चेहरा आणि नांव यांची सांगड.

ती सांगड पुढें राजदरबारांत घट्ट झाली. मोगलांचे व दक्षिणेंतील सुलतानांचे चितारी आपल्या धन्यांच्या व सरदारांच्या तसबिरी काढीत. पेशवाईच्या उत्तरकाळीं ह्या कामीं विलायती पद्धतीचा हात लागला. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला व पुढील वर्षीं पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचें त्यानें काढलेलें तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. ह्या वेल्सच्या हाताखालीं पुण्याचा गंगाराम तांबट हा कारागीर तयार झाला. त्यानें माणसें व प्राणी तर काढलेच, पण वेरूळच्या लेण्यांचीं रेखाचित्रेंही काढलीं. वेल्स १७९५ सालीं वारला. परंतु समोर माणूस बसवून, त्याच्यावर पडलेला उजेड व सांवली तोलून चेहरा उठविण्याची पद्धत त्याच्या निमित्तानें मराठी हाताला प्रथम परिचित झाली. मात्र ह्या सर्व काळांत एक गोष्ट बदलली नव्हती. ज्याच्या पदरीं चितारी असे, त्याचाच चेहरा मागें उरे. पेशव्यांच्या मुदपाकखान्यांतील आचार्‍याचा किंवा गोदेकांठच्या कुणब्याचा चेहरा कोणीं काढावा, असा प्रश्नच नव्हता.

१८५७ सालीं मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीनें कलाशाळा निघाली, आणि चेहरा काढण्याची विद्या दरबारांतून वर्गांत आली. ह्या परंपरेंतील दोन नांवें येथें मुद्दाम घेतों. सांवतवाडीस १८८२ सालीं जन्मलेले सांवळाराम हळदणकर यांनीं, हातांतील दिव्याचा प्रकाश चेहर्‍यावर पडला आहे अशा स्त्रीचें एक पाणरंगांतील चित्र काढलें. त्यासाठीं त्यांची स्वतःची कन्या उभी राहिली होती. तें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे, आणि कित्येक लोक आजही तें रविवर्म्याचें समजतात. पाणरंगांत चुकीला क्षमा नसते. कागदाचा पांढरेपणा एकदां झांकला गेला कीं तो परत मिळत नाहीं. म्हणून प्रत्येक फटकारा आधीं मनांत पक्का करावा लागतो. दुसरें नांव गोपाळ देऊसकर यांचें. नगरला जन्मलेला हा चित्रकार निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर विलायतेस जाऊन शिकून आला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत बालगंधर्वांचीं जीं दोन तैलचित्रें आहेत, एक पुरुषवेषांतलें व एक स्त्रीभूमिकेंतलें, तीं त्यांचींच. एकाच माणसाचे दोन चेहरे, आणि दोन्ही खरे. हें छायाचित्राला क्वचितच साधतें.

छायाचित्राचा उल्लेख आला, तो योग्य वेळींच आला. १८३९ सालीं युरोपांत ही विद्या जाहीर झाली आणि थोड्याच काळांत हिंदुस्थानांत पोंचली. आमच्या मराठवाड्यावर तेव्हां निजामाचें राज्य होतें. त्या दरबारीं १८८५ च्या सुमारास लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार म्हणून रुजू झाले, आणि निजामानें त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चितारी. कॅमेरा चालविणार्‍यास चितार्‍याचा किताब मिळाला, ह्यांत त्या काळाचें मर्म आहे. चितार्‍याची जागा यंत्रानें घेतली होती, पण शब्द अजून हाताचाच होता. दीनदयाळांच्या कांचेच्या निगेटिव्ह हजारोंच्या संख्येनें दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आजही सुरक्षित आहेत. त्या कोणी तरी जपल्या म्हणून आहेत, हें पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावें.

कॅमेर्‍यानें चेहरा स्वस्त केला. तरी तो गरिबाच्या दारीं यावयास फार वर्षें लागलीं. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गांवीं, जेथें मराठी, तेलुगु आणि उर्दू ह्या तीनही भाषा एकाच बाजारांत ऐकूं येतात, तेथील जुन्या घरांतून ओसरीवर पाहावें. आजोबांचा एखादा फोटो असतो. बहुधा फेटा बांधलेला, हात गुडघ्यांवर, डोळे कॅमेर्‍यावर रोखलेले. आजीचा मात्र पुष्कळ घरीं मुळींच नसतो. पणजोबा-पणजीविषयीं तर बोलणेंच नको. नांवें वंशावळींत आहेत, चेहरे नाहींत. अजिंठ्यास चेहरा राहून नांव गेलें. येथें नांव राहून चेहरा गेला.

मोठा चेहरा पाहिजे असेल तर गांवचा पेंटर होता. दुकानाच्या पाट्या, नाटकांचे पडदे, निवडणुकीच्या भिंती आणि पुढार्‍यांचीं चित्रें हीं सारीं त्याच्या कुंचल्याचीं कामें. लहान फोटोवर चौकोन आखावयाचे, तितकेच मोठे चौकोन भिंतीवर आखावयाचे, आणि एकेका चौकोनांतील रेषा उतरवीत जावयाचें, ही त्याची रीत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फ्लेक्सचे छापील फलक आले आणि हा पेंटर बेकार झाला. आज वाढदिवसाच्या फलकावर चाळीस-चाळीस चेहरे झळकतात व आठ दिवसांनीं तोच फलक कोणाच्या तरी गोठ्यावर पावसाळी आडोसा म्हणून चढतो. चेहर्‍यांचा इतका सुकाळ व इतकी अवहेलना पूर्वीं कधीं झाली नसेल.

आतां विजेच्या पाटीकडे वळूं. सर्वसाधारण समजूत अशी आहे, कीं हें यंत्र कॅमेर्‍याचें धाकटें भावंड असून तेंही हाताला बेकार करणारें आहे. इतिहास पाहिला तर उलट दिसतें. संगणकाला प्रथम फक्त आंकडे कळत. त्याला माणसाच्या हाताची रेषा कशी कळावी, ह्यासाठीं विद्वानांनीं अनेक वर्षें खटपट केली, आणि त्या खटपटीचेंच फळ म्हणजे ही लेखणी.

१९६३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत आयव्हन सदरलंड ह्या तरुण संशोधकानें ‘स्केचपॅड’ नांवाची योजना प्रबंधरूपानें मांडली. संगणकाच्या पडद्यावर प्रकाश ओळखणारी लेखणी टेकवून तो सरळ रेषा व वर्तुळखंड काढून दाखवी. यंत्रांचे व पुलांचे आराखडे काढणें हा मुख्य हेतु. परंतु नवलाची गोष्ट ही, कीं त्या रूक्ष प्रबंधांतही एका मुलीचा चेहरा आहे, आणि ती डोळा मिचकावते! माणसाच्या हातीं नवें साधन आलें कीं तो फार वेळ चेहर्‍यावांचून राहूं शकत नाहीं, ह्याचा ह्याहून बोलका दाखला कोणता?

पुढील वर्षीं, १९६४ सालीं, कॅलिफोर्नियांतील रँड संस्थेनें एक खरीखुरी पाटी तयार केली. दहा इंच लांब-रुंद अशा पृष्ठभागाखालीं अति बारीक तारांची जाळी होती. प्रत्येक तारेंतून विजेचे निरनिराळे स्पंद जात. लेखणीचें टोंक ते टिपून घेई, आणि लेखणी कोठें आहे हें एका इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत संगणकास कळे. १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड शूप यानें ‘सुपरपेंट’ ही व्यवस्था उभी केली. तींत पाटीवर हात फिरवावा आणि पडद्यावर रंग उमटावा, अशी सोय होती. आतां रेषेबरोबर रंगही आला.

तरी एक उणीव होती, आणि चित्रकाराच्या दृष्टीनें ती सर्वांत मोठी. ह्या पाट्यांना हाताची जागा कळत होती, हाताचा दाब कळत नव्हता. कोळशानें चेहरा काढतांना कपाळाची कड हलक्या हातानें जाते, पापणीखालीं हात जरा रुततो. ह्या कमीजास्त भारांतच चेहर्‍याचा जीव असतो. हा भार यंत्राला समजावून देण्याचें काम विशेषेंकरून जपानांतील वाकॉम कंपनीनें केलें. ही कंपनी १९८३ सालीं निघाली व पुढील वर्षीं तिनें बिनतारी लेखणीची पाटी बाजारांत आणली. ह्या पाटीच्या पोटांत तारांचीं वेटोळीं असतात. त्यांतून निघालेलें चुंबकीय क्षेत्र लेखणींतील वेटोळ्यास शक्ति पुरवितें, आणि लेखणी उलट संदेश पाठविते. म्हणून अशा लेखणींत विजेचा घट लागत नाहीं. टोंकावर दाब वाढला कीं संदेशाची कंपनसंख्या किंचित बदलते, व त्यावरून रेषा बारीक कीं जाड, फिकी कीं गडद, हें ठरतें. प्रारंभींच्या पाट्यांत दाबाच्या २५६ पायर्‍या ओळखल्या जात. आजच्या चांगल्या पाटींत ८,१९२ ओळखल्या जातात. कॅमेर्‍यानें चित्रांतून जो हात बाहेर घालविला होता, तो ह्या मार्गानें परत आंत आला.

ह्या पाटीवर चेहरा कसा रंगवितात? प्रथम एका थरावर कच्ची रेखाटणी करतात. तिच्यावर, पारदर्शक कागद ठेवावा तसा, दुसरा थर घेऊन सांवलीचे व उजेडाचे भाग मांडतात. तिसर्‍यावर त्वचेचे रंग, चौथ्यावर केंस व डोळ्यांतील चमक. प्रत्येक थर स्वतंत्र, म्हणून एकांत बदल केला तरी बाकीचे शाबूत. रंग वाळण्याची वाट नाहीं, तेलाचा वास नाहीं, कॅनव्हासचा वारंवारचा खर्च नाहीं. ‘क्रिटा’सारखीं चित्रकामाचीं साधनें तर मोफत मिळतात. ज्या गांवांत कलाशाळा नाहीं, तेथील मुलानें एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासकीय चित्रकला परीक्षा दिल्या कीं पुढें वाटच खुंटे. त्याला आज घरबसल्या सराव करतां येतो. हा लाभ मोठा आहे, आणि खेड्यांतील माणसानें तो कमी लेखूं नये.

परंतु ह्या सोयीबरोबर दोन मोहही आले आहेत. पहिला मोह, झालेली चूक एका बोटासरशीं मागें घेण्याचा. हळदणकरांच्या पिढीला ही मुभा नव्हती, म्हणून ती पिढी रेषेआधीं विचार करी. मुभा असणें वाईट नाहीं; तिच्यामुळें विचार मागाहून करण्याची संवय लागते, ती वाईट. दुसरा मोह ह्याहून घातक आहे. फोटो खालच्या थरावर ठेवावयाचा व वरून गिरवावयाचा, कीं चेहरा तयार. गिरविणें ही गोष्ट नवी नाहीं. आमचा पेंटरही फोटोवरूनच काढी. पण तो निदान चौकोन मोजी, प्रमाण पाही, डोळा आणि भुंवई यांतील अंतर स्वतः ताडून पाही. नुसत्या गिरविण्यांत डोळ्याला कामच उरत नाहीं. आतां तर चार शब्द सांगितले कीं यंत्रच चेहरा घडवून देतें, आणि तो कोणाचाच नसतो. अजिंठ्यास नांव हरवलें, आमच्या ओसरीवर चेहरा हरवला. येथें मुळांत माणूसच नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. पाटीवरचें पुसलें जातें. मग विजेच्या पाटीवरचा चेहरा राहणार कसा? १९८५ सालीं न्यूयॉर्कमध्यें अमिगा नांवाच्या संगणकाचा उद्घाटन-समारंभ झाला. तेथें अँडी वॉरहॉल ह्या जगप्रसिद्ध चित्रकारानें डेबी हॅरी ह्या गायिकेचा चेहरा सर्वांसमक्ष संगणकावर रंगविला. त्याच्या हातीं लेखणी नव्हती, माउस होता. तरी संगणकावरील व्यक्तिचित्राच्या इतिहासांत तो दिवस महत्त्वाचा. पुढें दोनच वर्षांनीं वॉरहॉल वारला. त्यानें अमिगावर काढलेलीं आणखी कित्येक चित्रें फ्लॉपी तबकड्यांत तशींच पडून राहिलीं. तबकड्या पिट्सबर्गच्या त्याच्या संग्रहालयांत होत्या, पण त्या वाचणारें यंत्र व त्यांतील लिपि, दोन्ही काळाच्या पोटांत गेलीं होतीं. अखेर कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं ती लिपि उलगडली व १९१४ नव्हे, १७१४ नव्हे, तर अगदीं परवांच्या २०१४ सालीं तीं चित्रें जगापुढें आलीं. अजिंठ्याची भिंत दीड हजार वर्षांनंतरही वाचतां येते. ही तबकडी तीस वर्षांच्या आंत मुकी झाली होती. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या तबकड्या उघडण्यास विद्यापीठ धांवून आलें. आपल्या आजीच्या चित्रासाठीं कोण येणार?

ह्यावर कोणी म्हणेल, कागद आणि कॅनव्हास तरी कोठें अमर आहेत? आक्षेप रास्त आहे. रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकार्‍यानें १८४४ नंतर अनेक वर्षें अजिंठ्यास राहून त्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स यानें मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून पुनः नकला करविल्या. त्यांपैकींही पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. बोध असा, कीं चित्र कशावर काढलें ह्यापेक्षां तें एकाच ठिकाणीं ठेवलें, ह्यांत त्याचें मरण आहे. आणि येथें विजेची पाटी कागदाला मात करते. तिच्यावरील चित्राच्या दहा नकला केल्या तरी दहाही मुळाबरहुकूम असतात. गिलला हें भाग्य लाभलें नव्हतें. नकला करण्याची सोय आपल्या हातीं आहे. त्या करण्याची बुद्धि मात्र यंत्र देत नाहीं.

डेव्हिड हॉकनी ह्या इंग्रज चित्रकारानें २०१० पासून आयपॅडवर पुष्कळ चित्रें काढलीं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे ह्या प्रार्थनामंदिरांत २०१८ सालीं बसविलेल्या रंगीत कांचेच्या खिडकीचा आराखडाही त्यानें ह्याच पाटीवर केला. चित्र जन्मलें पाटीवर, पण टिकावयास गेलें कांचेंत. हा मार्ग आपणांसही अनुकरणीय आहे. खर्चाच्या मानानें कांच नसेना, चांगला कागद तरी असावा.

हें सर्व मी आजच कां सांगतों, त्याला कारण आहे. १९४६ सालीं आमच्या बिलोली तालुक्यांतील अर्जापूर येथें गोविंदराव पानसरे यांना हौतात्म्य आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. तो काळ ज्यांनीं जाणत्या वयांत पाहिला, रात्रीं गांव सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत दिवस काढले, किंवा घरीं राहून भाकरी थापल्या व निरोप पोंचविले, अशीं माणसें आतां नव्वदीपलीकडे गेलीं आहेत आणि फार थोडीं उरलीं आहेत. पुढार्‍यांचे चेहरे पुस्तकांत आहेत. भाकरी थापणार्‍यांचे कोठेंच नाहींत. पूर्वीं तो चेहरा काढण्यास दरबार लागे, मग कलाशाळा लागे, मग फोटोचा खर्च लागे. आज घरांतल्या नातवंडाजवळ पाटीही आहे व लेखणीही आहे. त्यानें पणजीसमोर दोन तास बसावें. फोटो गिरवूं नये. तिला बोलती करावी व बोलतां बोलतां काढावें. कारण माणूस बोलूं लागला कीं फोटोसाठीं आंवळलेला त्याचा चेहरा सैल होतो, आणि खरा चेहरा तोच. चित्र कदाचित् सामान्य उतरेल. पण ते दोन तास त्या घराच्या इतिहासांत जमा होतील.

आणि काढल्यावर चार गोष्टी कराव्या. चित्राबरोबर त्या व्यक्तीचें संपूर्ण नांव, गांव, वय, काढणाराचें नांव व साल लिहावें. म्हणजे अजिंठ्याची गत होणार नाहीं. चित्र टिफ किंवा पीएनजी ह्यांसारख्या सर्वत्र चालणार्‍या स्वरूपांत साठवावें. म्हणजे वॉरहॉलची गत होणार नाहीं. त्याच्या नकला निदान तीन ठिकाणीं, त्यांपैकीं एक परगांवच्या नातेवाइकाकडे, ठेवाव्या व दर चार-पांच वर्षांनीं त्या उघडून पाहून नव्या साधनावर उतरवाव्या. म्हणजे गिलची गत होणार नाहीं. आणि एक प्रत टिकाऊ शाईनें उत्तम कागदावर छापून ओसरीवर, आजोबांच्या फोटोशेजारीं लावावी.

अजिंठ्याच्या चितार्‍याला भिंत मिळाली होती. ती सह्याद्रीच्या दगडानें सांभाळली. आपणांस पाटी मिळाली आहे, आणि ती पुसण्यासाठीं ओल्या फडक्याचीही गरज नाहीं. नुसतें दुर्लक्ष पुरे आहे. चेहरा काढण्याची विद्या आतां घरोघरीं आली आहे. तो राखण्याची जबाबदारीही आतां दरबाराकडे किंवा संग्रहालयाकडे नाहीं, घरोघरींच आली आहे. आपल्या घरांत ज्यांचा चेहरा अजून कोठेंच उतरलेला नाहीं, अशा वडील माणसाचें नांव आज रात्रीं एकदां आठवून पाहावें, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.